एका अक्षराची दुरुस्ती

भीमराव ओव्हाळांनी बत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितशोधन केलं. म्हणजे छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकायच्या. भीमराव निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघणार, मग वधूवरांची नावं. नातेवाइकांना याचा वैताग यायचा, पण बोलून दाखवायची हिंमत कुणात नव्हती.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं, याला काय म्हणावं! पण दुसरा इलाज नव्हता. २००२ साली पूर्वा शिष्यवृत्ती मिळवून कॉम्प्युटरचं पुढचं शिकायला जर्मनीला गेली. अख्ख्या घराण्यात विमानात बसलेली ती पहिलीच. येरवड्याच्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, भाषणं झाली, आणि भीमरावांची मान जी ताठ झाली ती झालीच.

आठवड्याला तिची एक ईमेल यायची. शनिवारी सकाळी भीमराव गल्लीतल्या वैजनाथच्या सायबर कॅफेतून ती छापून आणत आणि वहीत देवनागरीत उतरवून काढत, कारण पत्नी हिराबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. बालवाडीत मदतनीस असल्यामुळे एबीसीडी तेवढी पाठ होती. उतरवणं म्हणजे डोक्याला ताप होता. डी-ए-आर म्हणजे दार, दर की डर? टी-ए-के म्हणजे ताक की टाक? भीमराव मागचंपुढचं वाचून ठरवत आणि जिथे पोरीचं टायपिंग चुकलं असेल तिथे छापील कागदावर लाल खूण करत.

मजकूर मात्र झकास असायचा. दूध समजून तिनं ताकाची पिशवी आणली आणि चहाचा सत्यानाश झाला. कचरा टाकायला म्हणून बाहेर पडली तर मागे दार आपोआप बंद, किल्ली आत. शेजारच्या आजीबाईंनी दोन तास घरात बसवून घेतलं आणि मेलेल्या मांजराचे फोटो दाखवले. ऑक्टोबरात तर त्या देशानं एका रात्रीत घड्याळं तासभर मागे घेतली. हिला कुणी सांगितलंच नाही. सोमवारी रिकाम्या वर्गात तासभर एकटीच बसून राहिली.

"घड्याळ मागे घेतात?" हिराबाई म्हणाल्या होत्या. "आपल्याकडे फक्त शब्द मागे घेतात."

त्या हे सगळं विहारातल्या बायकांना रंगवून सांगायच्या. पण डिसेंबर उजाडला तशा मेल आखूड झाल्या. बरी आहे, बर्फ पडला, परीक्षा जवळ आली. संपलं.

"पोरगी आटत चाललीय," हिराबाई म्हणाल्या.

"अभ्यास वाढला असेल," भीमराव म्हणाले.

रविवारी जेवणं झाल्यावर हिराबाईंनी वही आणि छापील कागदांची फाइल पुढ्यात घेतली आणि पहिल्यापासून सगळं वाचायला बसल्या. नोव्हेंबरच्या एका कागदाशी त्यांचं बोट थांबलं.

"अहो, इथे लाल काय केलंय?"

भीमरावांनी चष्मा लावला. वहीत लिहिलं होतं, 'इथे येऊन मी खूप रमले, बाबा. कुणाला सांगू नका.' कागदावर 'रमले'मधलं एक अक्षर लाल रेघेनं खोडून समासात 'एम' लिहिलेला होता.

"टायपिंगची चूक होती. सुधारली."

"लाल रेघेखाली कुठलं अक्षर आहे?"

"डी पडला होता."

"डी," हिराबाई म्हणाल्या. त्यांनी जुन्या कागदावरच्या 'दूध'वर बोट ठेवलं, मग इथे ठेवलं. "हाच ना? म्हणजे तिनं 'रडले' लिहिलं होतं."

"अगं, तिला 'रमले' म्हणायचं होतं."

"कशावरून?"

भीमराव कारण शोधू लागले. लहानपणी पडली-झडली तरी पूर्वा रडायची नाही, यावरून. सत्कार झाला होता, यावरून. दुसरं काहीच कारण त्यांना सापडेना.

"रमलेली पोरगी 'कुणाला सांगू नका' कशाला म्हणेल?" हिराबाईंनी विचारलं.

त्याचाही अर्थ भीमरावांनी तेव्हा लावून टाकला होता. लोक म्हणतील, घर विसरली, म्हणून लाजत असेल. एरवी मागचंपुढचं दहादा वाचणारा माणूस इथे पुढचंच वाक्य वाचायला चुकला होता. भीमरावांना स्वतःची लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे त्या मेलला त्यांनी पाठवलेलं उत्तर आठवलं. 'तू रमलीस हे वाचून आनंद झाला. आम्हाला खात्री होतीच.'

दुपारी दोनला दोघं फोनच्या बूथवर गेले. तिकडे सकाळचे साडेनऊ झाले होते.

"जयभीम बाबा," पूर्वा म्हणाली. "आज कसा काय फोन? मी मजेत आहे."

हिराबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला.

"पूर्वा, का रडलीस गं?"

पलीकडून हुंदका आला, आणि त्यापाठोपाठ सगळंच. ताकाचा चहा तिनं तसाच पिऊन टाकला होता, कारण त्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन लोकांसमोर अडखळत बोलायचं बळ नव्हतं. रिकाम्या वर्गात तिला वाटलं होतं, सगळ्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाच ठाऊक नसतं. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, आई. बाबांनी लिहिलं, आनंद झाला. मला वाटलं, त्यांना ऐकायचं नाहीये."

हे रिसीव्हरबाहेर भीमरावांनाही ऐकू आलं. त्यांनी हात पुढे केला, हिराबाईंनी रिसीव्हर दिला.

"पूर्वा, तुझं बरोबर होतं. मी चुकीचं वाचलं." बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी एकाही साहेबासमोर उच्चारलं नव्हतं.

"बाबा, मी परत आले तर?"

सत्काराचे हार, भाषणं, गल्लीतली माणसं, सगळं भीमरावांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"यायचं असेल तर ये, मी विमानतळावर उभा असेन. राहायचं असेल तर रडत रडत राहा. पण जे होईल ते लिहीत जा, मी जसंच्या तसं वाचेन."

तिकडून एक विचित्र आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा ते भीमरावांना कळेना. त्यांनी स्वतःच्या मनानं काही ठरवलं नाही.

"हसतेस की रडतेस गं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही, बाबा," पूर्वा म्हणाली.