दादाच्या वजनाची गाडी

"उतर."

"नाही उतरणार."

"वहिनी, स्टँड वाकतोय."

"वाकू दे. तू स्प्रिंग बदलेपर्यंत मी इथून हलत नाही."

नणंदेने हातातला पाना टेबलावर आपटला. वहिनी हेल्मेट घालून, हातमोजे चढवून गाडीवर ठाण मांडून बसली होती, जणू वरातीला निघालीय. गाडी विजेवरची, मातीत उड्या मारायची. तिला ना टाकी, ना सायलेन्सर. सीटखाली विटेएवढ्या जड बॅटऱ्यांचा खोका, आणि उंच, काटेरी टायर. वर्कशॉपच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की लगेच ट्रॅक सुरू व्हायचा: वळणं, चढ, उतार आणि शेवटी ओळीने तीन उंचवटे. वर्कशॉपच्या डोक्यावर खोली. खोलीत दादा. नणंदेचा सख्खा भाऊ, वहिनीचा नवरा, आणि गाडी त्याची.

आता स्प्रिंगचं.

मागच्या चाकाच्या शॉकअपवर जाडजूड स्प्रिंग असते. ती ज्याच्या त्याच्या वजनाची बसवावी लागते. माणूस बसला की गाडीचं मागचं अंग चार बोटं दबलं पाहिजे. कमी दबलं तर उंचवट्यावर मागचं चाक माणसाला भिरकावून देतं. ही स्प्रिंग शहाऐंशी किलोची होती, म्हणजे दादाची. वहिनी बूट-हेल्मेटसकट साठच्या आत. तिच्याखाली गाडी बोटभरसुद्धा दबत नव्हती.

वरच्या खोलीतला दादा आता किती किलोंचा होता, ते कुणी विचारत नव्हतं. वजनकाटा नणंदेनेच माळ्यावर फेकला होता.

*

ट्रॅकच्या मालकाला सगळे शिट्टीमास्तर म्हणत. गळ्यातली शिट्टी तो आंघोळीलाही काढत नसावा. सकाळी तो दारात उभा राहून सांगून गेला होता:

"दादा पडला तेव्हापासून नव्या पोरांना शिकवायची जागा मी रिकामी ठेवली. आता नाही जमायचं. दुपारी वहिनींनी तिन्ही उंचवटे पाय न टेकता मारून दाखवावेत. मारले तर जागा त्यांची. नाहीतर मी बाहेरचा माणूस घेतो."

नणंदेला बाहेरचा चालणार होता. बाहेरच्याला तात्पुरता म्हणता येतं. दादा बरा झाला की बाहेरच्याला नारळ देता येतो. पण वहिनी त्या जागेवर बसली म्हणजे दादा तिथून उठला, कायमचा. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली:

"गाडी दादाची आहे."

"दादा जिना उतरू शकत नाही, ताई."

"उतरेल."

"कधी?"

"तू रोज त्याच्या नाकासमोर बूट चढवून नाचली नाहीस, तर लवकर उतरेल."

"अस्सं! म्हणजे माझ्या बुटांनी त्याचं कंबरडं मोडलं?" वहिनीने हेल्मेटची काच वर केली. "ऐका वन्सं." एरवी ती 'ताई' आणि 'तू' म्हणायची. 'वन्सं' आणि 'तुम्ही' निघालं की समजायचं, सुरी बाहेर आली. "कारखान्याने मोटरची ताकद बांधून दिली होती. फोनवर बोटं फिरवून ती मोकळी कुणी केली?"

"दादाने मागितली म्हणून केली."

"त्याने विष मागितलं तर द्याल?"

"आणि त्या सकाळी त्याच्याशी कडाकडा भांडलं कोण? डोकं ठिकाणावर नसताना माणूस उडी मारेल नाहीतर काय करेल?"

"भांडण कशावरून होतं ते विचारा ना. तुमच्यावरून होतं."

वरून आवाज आला. ठक. जमिनीवर कुबडी.

"आले!" दोघी एकदम ओरडल्या. गेलं कुणीच नाही. आधी जी जिना चढेल ती हरली, असं काहीतरी दोघींमध्ये होतं.

मग वहिनीने गाडी स्टँडवरून खाली ओढली, मनगटात चुंबकाची दोरी अडकवली (माणूस पडला की दोरी सुटते आणि मोटर बंद होते) आणि आहे त्याच स्प्रिंगवर मागच्या दारातून सरावाला निघून गेली.

*

पेट्रोलच्या गाडीवर माणूस काय बोलतो ते कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. ही गाडी मुकी. मोटरची डासासारखी गुणगुण, चेनची खडखड, टायरखालचे खडे. आणि स्वाराचं तोंड. दादा स्वतःलाच सांगत जायचा: हळू, थांब, आता दे. नणंद कुंपणापाशी उभी राहून ऐकायची आणि तिला वाटायचं, आपल्यालाच सांगतोय.

आज ती कुंपणापाशी होती. वहिनीची फेरी अशी ऐकू आली:

पहिलं वळण: "घशातलं हाड आहे नुसतं!"

चढ: "इतकी वर्षं... हिचे पाने... पुसले मी..."

चढाचं टोक: "चहासुद्धा विचारत नाही मेली!"

उतार: शब्द कळला नाही. अर्थ कळला.

दुसरं वळण: "भावाची लाडकी!"

पहिला उंचवटा: "आई गं!"

दुसरा उंचवटा:

*

मागचं चाक उडालं. गाडीने पाठ अशी झटकली, जशी म्हैस पाठीवरचा कावळा झटकते. वहिनी पुढे, गाडी आडवी, धूळ. गाडी पडली तरी मागचं चाक आपल्याच नादात फिरत राहिलं. जराही आवाज न करता. दादाच्या वेळी ते असंच फिरत होतं आणि नणंद आधी चाकाकडे धावली होती. सवयीने. गाडी सरळ केली, हँडल पाहिलं, आणि मग वळून दादाकडे पाहिलं. वहिनीने ते तेव्हा पाहिलं होतं. दोघींनीही त्याचा कधी उच्चार केला नव्हता.

आज नणंद कुंपण ओलांडून धावली आणि गाडीला वळसा घालून पुढे गेली.

"मोडलंय काही?"

"हँडल थोडं..."

"तुझं विचारतेय, बये!"

वहिनीने तोंडातली माती थुंकली. नणंदेकडे पाहिलं, मग आडव्या पडलेल्या गाडीकडे.

"माझं काय मोडायचं राहिलंय," ती म्हणाली. पण 'वन्सं' म्हणाली नाही.

*

वर्कशॉप. दुपार होत आलेली. गाडी पुन्हा स्टँडवर. नणंद गुडघ्यांवर. बोल्टवर हातोडीचा पहिला ठोका पडला आणि वरून ठक ठक ठक.

"खाली काय चाललंय?"

"काही नाही, दादा. चेन!"

"चेनला असे ठोके मारतात का? मला शिकवतेस? शॉकअप उतरवतेयस तू!" कुबडी दाणकन आपटली. छताची माती नणंदेच्या केसांत पडली. "माझ्या गाडीला हात लावायचा नाही! ऐकलंस?"

नणंदेचा हातोडीचा हात वरच्या वर राहिला. त्या आवाजाचं तिने जन्मभर ऐकलं होतं. त्याने म्हटलं म्हणून शाळा सोडून पाने धरले. त्याने म्हटलं म्हणून मोटर मोकळी केली. आत्ताही आधी हात ठोका न मारता खाली आला, मग ते तिच्या लक्षात आलं.

"घाबरलीस?" वहिनी म्हणाली.

"तू तोंड बंद ठेव आणि सीट धर."

ठोका. ठोका. बोल्ट निघाला. दाबून धरणाऱ्या पकडीत घालून, आटे फिरवून तिने दादाची स्प्रिंग सोडवली आणि फडक्यावर आडवी ठेवली. मग उठली, ऑइलच्या डब्यांमागे कोपरापर्यंत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली दुसरी स्प्रिंग काढली. बारीक तारेची. कागदावर धुळीचा थर होता.

वहिनीने तो थर बोटाने पुसला. बोटाकडे बघत राहिली.

"ही कधीपासून आहे इथे?"

"सीट धर म्हटलं ना."

"माझ्या वजनाची आहे. माझं वजन तुला कुणी सांगितलं?"

"डोळे दिलेत देवाने. रोज दिसतेस ना डोळ्यांपुढे, इलाज नाही."

"म्हणजे सकाळी मी तुझ्यासमोर बसून घसा फोडत होते, आणि ही इथे..."

"होती."

"आणि तू मला जुनीवर जाऊ दिलंस."

नणंदेने स्प्रिंग चढवली, बोल्ट आवळला, गाडी खाली उतरवली आणि दोन्ही हातांनी हँडल धरून पुढे उभी राहिली.

"बस. दोन्ही पाय वर."

"नीट धर. पाडशील."

"पाडायचं असतं तर केव्हाच पाडलं असतं. श्वास सोड. पोट आत ओढून बसलीस तर वजन कमी होत नाही."

वहिनीने श्वास सोडला. गाडी हलकेच खाली बसली. एका हाताने तोल सांभाळत नणंद वाकली आणि मडगार्डवरच्या खुणेपाशी बोटं आडवी धरली. एक, दोन, तीन. चौथं बरोब्बर मावलं.

वरची कुबडी थांबली होती.

"जा," नणंद म्हणाली. "शिट्टीमास्तर वाट बघतोय. आणि दुसऱ्या उंचवट्यावर घाबरून ब्रेक दाबू नकोस. सकाळी दाबलास तू. अर्धी चूक तुझीच होती."

"अर्धीच?" वहिनी म्हणाली आणि काच खाली ओढली.

*

नणंद कुंपणापाशी गेली नाही. दादाची स्प्रिंग फडक्यात गुंडाळली आणि जिना चढली.

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. खिडकीतून ट्रॅक दिसत नव्हता, शेजारची भिंत दिसत होती. ऐकू मात्र सगळं यायचं.

"हात लावू नकोस म्हटलं होतं."

"लावला."

"तू माझी बहीण ना?"

"हो ना. नाहीतर वर कशाला आले असते?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर खडे उडाले. गुणगुण लांब गेली, चढाला बारीक झाली, उताराला परत आली. दोघंही छताकडे बघत होती. पहिला उंचवटा: चेनचा आवाज तुटला, मग धप्प. दुसरा: तुटला. नणंदेने फडकं मुठीत आवळलं. धप्प. आणि लगेच वहिनीचा आवाज, चांगला खणखणीत.

"शिव्या देतेय," दादा म्हणाला.

"मला. रोजचंच आहे."

"नाही." त्याने कान दिला. "या वेळी मला."

तिसरा. तुटला. बराच वेळ तुटलेलाच राहिला. धप्प.

शिट्टीमास्तरने शिट्टी फुंकली, लांबलचक.

दादाने न बघताच हात पुढे केला. नणंदेने फडकं सोडवून स्प्रिंग त्याच्या हातात दिली. वजनाने हात चादरीवर टेकला. त्याने ती मांडीवर उभी केली, दोन्ही तळवे वर ठेवले आणि दाबली. मानेच्या शिरा वर आल्या, खांदे थरथरले. स्प्रिंग तसूभरही हलली नाही. त्याने पुन्हा दाबली, आता सगळं अंग टाकून.

नणंद खिडकीपाशी जाऊन भिंत बघत उभी राहिली.

"चार बोटं दबायची," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "चार."