चौथ्या पिच्चरमधली मालनबाई

ताडकळसच्या सिद्धोधनची पिच्चर कंपनी म्हणजे तो आणि त्याचा कॅमेरा. तीन पिच्चर काढले, एकालाही थेटर मिळालं नाही, आणि तिन्हींत शेजारच्या मालनबाईच मेल्या. फुकट मरायला गावात दुसरं कोण तयार होणार? सिद्धोधन पार थकला होता, तरी चौथ्याची गोष्ट त्यानं हातवारे करकरून सांगितली. त्याला वाटलं, मावशी खूश होतील.

"औंदा तुमी मरत न्हाई, मावशी. शेवटपर्यंत रानात राबताव, घरात राबताव."

दिवसभर कापूस वेचून आलेल्या मालनबाई उंबऱ्यावर टेकल्या.

"मंग दुसरी कुणी बघ, बाबा. मरायचं काम आसलं की निदान दुपारभर आडवं तरी पडायला भेटतंय."