न पुसायची काच

"नळाला पाणी नाही," आईचा फोन. "आणि तुझा दादा न्हाणीघरात आहे. डोक्याला साबण लावून."

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा म्हणजे रंगाच्या पिंपांमागची एक खोली. पण वजनकाटा चांगला आहे. घर आणि कारखाना एकाच आवारात, विहीरही एकच.

आम्ही सूत रंगवतो. रंग बसला की सूत धुवायचं आणि पाणी नितळ येऊ लागलं की थांबायचं. पूर्वी हे काचेच्या पेल्यात पाणी धरून डोळ्यांनी ठरायचं. गेल्या वर्षी दादाने यंत्रात सेन्सर बसवला. तो पाण्यातून उजेड सोडतो, पलीकडे किती पोचला ते मोजतो आणि पाणी नितळ झालं की धुणं बंद करतो. तत्त्व बरोबर आहे. फक्त त्याची काच स्वच्छ हवी. आमच्या गडद निळ्याची साय त्या काचेवर धरते. मग नितळ पाणीही त्याला निळंच दिसतं आणि तो धूत सुटतो.

आजही सुटला होता. गटारात जाणारं पाणी पिण्यासारखं दिसत होतं. यंत्राच्या पडद्यावर मात्र हिरवं पान झळकत होतं: 'आज उत्तम बचत!' वाफ वाचली होती, रंग वाचला होता. पाण्याचा आकडाच नव्हता. विहिरीच्या पाण्याला बिल येत नाही, म्हणून दादाने तिथे मीटरच बसवलं नाही. यंत्र हाताने बंद करूनही उपयोग नाही. तसं केलं की खेप अपूर्ण धरून ते पहिल्यापासून धुतं.

मी सेन्सरवाल्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, काच पुसायची नाही हं," तिथला माणूस म्हणाला. "सील तुटलं की वॉरंटी गेली. नवीन पाठवतो, जुना टाकून द्या."

"जुना बिघडलेला नाही. मळलाय."

"तेच ना मॅडम. म्हणून नवीन."

असे मळलेले सेन्सर माझ्या खणात पडून आहेत. आत बॅटरी आहे, कचऱ्याची गाडी ते घेत नाही. टाकायचे कुठे, हे हा माणूस कधीच सांगत नाही.

तेवढ्यात दादाचा फोन. "अगं, पाणी सोड! डोळ्यांत साबण जातोय."

"पाणी तुझं यंत्र पितंय."

"मोबाइलवर तर बचत दाखवतंय."

"मग मोबाइलनेच आंघोळ कर. दादा, विहिरीचा तळ दिसतोय. अख्खा उन्हाळा जायचाय अजून. उद्या सूतही नाही आणि घरात प्यायलाही नाही."

"सीलला हात लावायचा नाही, सांगून ठेवतोय!"

मी फोन ठेवला, सील कापलं, ओल्या फडक्याने काच पुसली. यंत्राने जरा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि धुणं थांबलं.

दादा टॉवेलवरच धावत आला. केसांत साबण वाळलेला, डोळे लाल. मागून आई, हातात तांब्या.

"पिण्याच्या पाण्यातलं देते म्हटलं डोक्यावर घ्यायला," आई म्हणाली, "तर हा वॉरंटी वाचवायला पळाला."

"गेली ना वॉरंटी!" दादा माझ्यावर ओरडला. "शास्त्रज्ञ बाई!"

त्याचा मोबाइल वाजला. 'सील तुटले आहे. नवीन सेन्सर पाठवत आहोत. आपले आभार.'

"रद्द कर ते," मी म्हटलं.

त्याने साबणाच्या बोटांनी मोबाइलचा पडदा वर सरकवला, खाली सरकवला. रद्द करायचं बटण कुठेच नव्हतं. मग तो विहिरीच्या कठड्यापाशी गेला आणि वाकून बघत राहिला. खाली पंपाचा पाइप जवळजवळ उघडा पडला होता.

"किती भरेल?"

"संध्याकाळपर्यंत गुडघाभर. रोज असंच धूत राहिलं तर तेवढंही नाही."

आईने त्याची मान धरून वाकवली आणि तांब्या डोक्यावर ओतला.

"फडकं कसलं होतं?" त्याने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"सुती. मऊ."

"मग खणातले सगळे पुसून ठेव. आणि इथे एक मीटर बसवू." पाणी तोंडात गेलं तसा तो थुंकला. "आई, अजून थोडं दे ना."

"संपलं," आई म्हणाली.