गोपनीय खोलीतला कूलर

राजेहो, मी कूलर बोलतोय. पत्र्याचा, अंगानं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा. माझ्यावर सरकारी गुपितं फोडल्याचा ठपका आहे. हसू नका, चांगला लेखी आदेश निघालाय!

जन्म माझा अकोल्याचा. कुर्बान मिस्त्रींनी मला ठोकून-ठोकून उभं केलं, वाळ्याच्या ताट्या बसवल्या, बटण दाबलं आणि माझी घरघर ऐकून कौतुकानं म्हणाले, "आवाज हाये पोराले!" आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात मुका कूलर कोण घेतो? घरघर ऐकू आली नाही तर लोकांना वाराच लागत नाही.

तिथून मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात आलो. जागा मिळाली ती थेट गोपनीय शाखेत! दारावर पाटी, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. मी मात्र खिडकीत बसलो, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. बाहेर माझ्या पाठीशी बुधाजींची चहाची टपरी. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, नशीब काढलंस!

या खोलीत बोगस बियाण्यांच्या धाडी ठरायच्या. पेरणी तोंडावर आली की कोणत्या गावच्या दुकानावर अचानक जायचं, हे फक्त तिघांना ठाऊक असायचं. मोठे साहेब आणि त्यांच्या हाताखालचे दोन अधिकारी, महेजबीन मॅडम आणि गजेंद्रभाऊ.

आता माणसांची गंमत बघा. त्यांना गार वाराही हवा आणि बोलणंही ऐकू यायला हवं. मला बंद करायला मन होत नाही, मग घसा ताणतात. साहेब ओरडून विचारायचे, "कुठं जायचं?" गजेंद्रभाऊ त्याहून जोरात, "शेंदूरजनाघाट!" मॅडम तेवढ्या जपून वागायच्या. त्या चिठ्ठी लिहून पुढे सरकवायच्या. तर साहेब ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे! खिडकीत मी, त्यामुळे खिडकी काही लागत नाही. टपरीवरची मंडळी चहाबरोबर धाडीची बातमीही घेऊन जायची.

पथक शेंदूरजनाघाटला पोचलं तर दुकानदार दारातच सरबत घेऊन उभा. "या, या, वाटच पाहून राहिलो होतो!" गोदाम झाडूनपुसून लख्ख. पुढच्या गावीही तेच.

साहेबांचं पित्त खवळलं. सगळ्या कार्यालयासमोर ते गरजले, "घरभेदी या खोलीतच हाये!" आणि त्यांनी मॅडमची आणि गजेंद्रभाऊंची गोपनीय कागद पाहण्याची परवानगी रद्द केली.

गजेंद्रभाऊ म्हणाले, "चला, तेवढाच ताप कमी," आणि घरी जेवायला गेले. मॅडमना मात्र ते फार लागलं. त्यांना व्हरांड्यात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. एकदा त्या गजेंद्रभाऊंना म्हणाल्या, "मी काहून फोडन गुपित? इमानाशिवाय दुसरं कमावलं काय मी? आता लोक मले पाहून गप्प होऊन राहिले." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मी बोलणार काय? घर्रर्र, दुसरं काय!

मग खोलीत साहेब एकटेच उरले. एके दुपारी त्यांनी पथकाला फोन लावला. "हॅलो! ऐकू येऊन राहिलं का? उद्या मोर्शी! मोर्शीले धाड!" आणि नेमकी लाइट गेली. मी थांबलो. साहेबांना थांबायला जरा वेळ लागला. "कोणाले सांगू नका!" हे त्यांचं शेवटचं वाक्य साऱ्या आवारात घुमलं.

खिडकीबाहेरून बुधाजी म्हणाले, "साहेब, उद्या नका जाऊ. उद्या मोर्शीची दुकानं बंद रायतात. परवा जाजा!"

टपरीवर हशा पिकला. व्हरांड्यातून मॅडम उठल्या आणि दारापर्यंत आल्या. आत पाऊल टाकलं नाही, परवानगी नव्हती ना! दारातून नुसत्या साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. दोघांची परवानगी परत, आणि माहिती बाहेर जाण्यास जबाबदार कोण, तर 'सदर कूलर'! घसा त्यांचा आणि बदली माझी. कमाल आहे की नाही?

हल्ली मी खालच्या हॉलमध्ये असतो, कामासाठी ताटकळणाऱ्या लोकांना वारा देत. तक्रार नाही. एवढीच विनंती आहे, दुसऱ्याला घरभेदी म्हणण्याआधी आपण स्वतः किती जोरात बोललो ते जरा आठवत जा.

आणि मला खोलीतून हलवलं त्या दिवशीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हमालांनी मला खिडकीतून काढून खांद्यावर घेतलं होतं. साहेबांनी मॅडमच्या हाती आदेश दिला आणि फायलीत डोकं घातलं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"परवानगी भेटली, साहेब. माहं नाव गेलं त्याचं काय?"

साहेब पुटपुटले, "चूक झाली, मॅडम."

"घरभेदी तर तुमी सगळ्यांसमोर म्हटलं होतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हे बी जरा जोरात म्हणा. टपरीपर्यंत गेलं पाहिजे."

साहेबांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"महेजबीन मॅडम, चूक माही होती!"

बाहेरून लगेच बुधाजींचा आवाज आला, "आलं ऐकू, साहेब!"