पहिलं वळण

वाकलेल्या पिनेखाली सुईचं टोक सरकवून जावयानं श्वास रोखला. डोळ्याला भिंग, कोपर टेबलावर घट्ट टेकलेलं आणि चिमटीत कॉम्प्युटरचा बिस्किटाएवढा प्रोसेसर. त्याच्या पाठीवर दाताच्या ब्रशसारख्या दाट पिना होत्या आणि कोपऱ्यातली रांग एका अंगाला कलली होती.

“चहा ठेवू का?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“आत्ता बोलू नका!”

शब्द तोंडातून निसटले आणि त्यानं जीभ चावली. सासूबाईंनी मात्र तोंडावर बोट ठेवलं आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

एकेक करून पिना ताठ झाल्या. त्याचं रोजचं काम चष्म्याच्या दुकानात होतं. मुंगीएवढे स्क्रू आणि केसाएवढ्या तारा हाताळून बोटं तयार झाली होती, पण कॉम्प्युटर उघडायची ही पहिलीच वेळ. बायकोला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. “तुझा हात थरथरत नाही, तूच जा,” असं म्हणून तिनं त्याला एकट्यालाच माहेरी पाठवलं होतं.

सासूबाईंचं सगळं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली क्लच सोडायला शिकलेलं. पुढे एका डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं, तेव्हा कोणी सांगायच्या आतच त्यांनी किल्ली खुंटीला लावली. त्यानंतर लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर दिला, त्याला टेबलावर आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि खाली तीन पेडल. आता दर शनिवारी दुपारी त्या घरबसल्या शर्यतीत उतरत. ठिकठिकाणची माणसं एकाच वेळी खेळत. तिथं त्यांचं नाव ‘क्लच’ होतं. त्यांच्या जोडीला ‘पोपट’ नावाचा एक बडबड्या खेळाडू होता.

अडचण एकच होती. एकटीनं गाडी पळवली की सगळं लोण्यासारखं चालायचं. शर्यत सुटली आणि सगळ्या गाड्या पहिल्या वळणावर दाटीनं आल्या, की पडदा आचके द्यायला लागायचा. गाडी इथं दिसायची आणि पुढच्या क्षणी भिंतीत असायची. गेल्या शनिवारी तर ती थेट पोपटाच्या गाडीवरच चढली.

“क्लच, मशीनचं काहीतरी कर,” पोपट नरमाईनं म्हणाला होता. “या वेळी पुन्हा झालं, तर मला दुसरा जोडीदार बघावा लागेल.”

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं नवीनच घ्यायला सांगितलं. त्यावर सासूबाईंनी त्याला विचारलं, “गाडीला दम लागतो म्हणून कोणी अख्खी गाडी बदलतं का? आधी इंजिन बघतात.” चित्र काढणारं कार्ड चांगलं होतं, गाड्यांची गर्दी झाली की प्रोसेसर मात्र पार शंभर टक्क्यांवर जाऊन धापा टाकत होता. हे लेकीनं फोनवरून दाखवून दिलं होतं. कॉम्प्युटरच्या आतल्या त्याच बोर्डावर बसेल असा, पण कितीतरी पटीनं तगडा प्रोसेसर दुकानदाराच्या खणात पडून होता. पिना वाकल्यामुळे तो कोणी घेत नव्हतं. सासूबाईंनी तोच आणला होता.

“झालं,” जावई म्हणाला आणि भिंग उतरवलं.

“आता बोलू?”

“बोला ना,” तो कानापर्यंत लाल झाला.

“तुम्ही बसवा हो, जावईबापू. मी टॉर्च धरते.”

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांमध्ये ‘अहो-जाहो’ची एक ताठ इस्त्री होती. जेवण झालं का, प्रवास नीट झाला ना, हवा काय म्हणते, याच्या पुढे गप्पा कधी गेल्याच नव्हत्या. त्याला गाडी चालवता येत नव्हती. विशीत शिकायला गेला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं एका घराचं फाटक आडवं केलं, आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी शिकवणाऱ्या बाईचा जावई कायम शेजारच्या सीटवर, यावर घरात सगळे हसत. सासूबाईंनी शिकवते म्हणून कधी म्हटलं नाही. न ओरडता शिकवणं त्यांना जमत नसे, आणि जावयावर ओरडायचं कसं?

कोपऱ्यातला बारीक त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून त्यानं प्रोसेसर ठेवला. तो जोर न लावता अलगद खाली बसला. उष्णता ओढून घेणारी वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा, चारी स्क्रू आळीपाळीनं. नव्या प्रोसेसरची बोर्डाला ओळख पटावी म्हणून लागणारा प्रोग्राम त्यांनी सकाळीच भरून ठेवला होता. मागच्या वायरी सासूबाईंनी स्वतः जोडल्या.

त्यानं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

दोघं थांबले. पंखे फिरतच होते.

“पिन असेल,” तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. “एखादी मोडली असेल माझ्याकडून.”

“मोडली तर मोडली. तुम्ही तोंड पाडू नका.” असं म्हणताना सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ते त्याला दिसलं. त्यानं मशीन बंद केलं, पंखा उतरवला, प्रोसेसर काढला, पुन्हा भिंगाखाली धरला. पिना जागच्या जागी. पुन्हा बसवला. पुन्हा काळोख. मग तो टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरला आणि बाहेर यायचं नाव घेईना.

“काय झालं हो? बरे आहात ना?”

“पडद्याची वायर कुठं लावलीत?”

“मागं. तशाच आकाराचं भोक होतं, त्यात.”

“ते बोर्डाचं भोक. कार्डाचं खाली आहे.”

सासूबाई खो खो हसत सुटल्या. “म्हणजे नळ एक चालू, आणि बादली दुसऱ्याच नळाखाली!”

टेबलाखालूनही हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ डोकं आपटल्याचा. पडद्यावर उजेड झाला.

शर्यतीला थोडाच वेळ उरला होता. सासूबाईंनी चष्मा पुसला, चप्पल काढून अनवाणी पाय पेडलवर ठेवले आणि माइकवाला हेडफोन कानाला लावला. जावई पाठीमागच्या स्टुलावर बसला. पडद्यावरचे इशाऱ्याचे दिवे विझले, गाड्या सुटल्या, आणि सगळा घोळका पहिल्या वळणावर आला. त्यानं स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

काहीच झालं नाही. आचका नाही, झटका नाही. डावीकडे निळी गाडी, उजवीकडे पिवळी, पुढे धुरळा, आणि त्या सगळ्यांमधून सासूबाईंची लाल गाडी पाण्यातून मासा जावा तशी निघून गेली.

“क्लच!” हेडफोनमधून पोपट ओरडला. “ही तूच आहेस ना?”

“मीच रे. माझ्या मागं राहा आणि शीक.”

त्या तिसऱ्या आल्या. पोपट चौथा. अख्ख्या वर्षात त्यांची जोडी पहिल्या दहात आली नव्हती. पोपटानं माइकमध्ये गाणं म्हटलं, तेही बेसूर. सासूबाईंनी हेडफोन काढला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या तरुण मुलीसारखा तकाकत होता.

“बसा,” त्या उठून म्हणाल्या.

“मी? नाही, नको. माझी बस आहे.”

“एक चक्कर मारा. इथं कोणाचं फाटक नाही.”

तो बसला. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती, तरी सुटल्या सुटल्या त्यानं ती गवतात घातली. दुसऱ्यांदा सरळ रस्ता जमला. तिसऱ्यांदा वळण जवळ आलं तशी त्याची नजर समोरच्या भिंतीवर खिळली, आणि गाडी इमानानं भिंतीकडे निघाली.

“अरे गाढवा, भिंतीकडे काय बघतोस! जायचंय तिकडं बघ! वळणाच्या पलीकडं! सोड ब्रेक... सोड म्हणते ना!”

त्यानं पलीकडे पाहिलं. गाडी वळली.

बऱ्याच वेळानं खिशातला फोन वाजला. तो बाहेरच्या खोलीत गेला.

“बसलास का बसमध्ये?” बायकोनं विचारलं.

“नाही. बस गेली. उद्या येतो.”

“का? मशीन बिघडलं की काय?”

“मशीन मस्त चाललंय.” तो हसू आवरत होता. “आईंनी मला गाढव म्हटलं.”

“काय?”

“दोनदा.”

पलीकडे बायको काही बोलणार, तेवढ्यात आतून खणखणीत हाक आली.

“फोन ठेव आणि ये लवकर! पाऊस चालू केलाय मी. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा मारायचा ते बघ.”

“आलो, आलो,” म्हणत तो आत पळाला. फोन ठेवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.