रिकाम्या स्टुलाकडे जाणारी वाफ

मित्रांनो, मी एक जुने पितळी तपेले आहे. कारागिराने मला ठोकून घडवले ते पाणी तापवायला. या घरात आले आणि वाफाऱ्याचे झाले.

घरातल्या बाईंचे नाक बारमाही चोंदलेले. संध्याकाळी त्या स्टुलावर बसत, डोक्यावरून टॉवेल घेत आणि माझ्यावर वाकत. जरा मोकळे वाटे. घरधनी म्हणत, "हा आपला घरचा डॉक्टर!" मी फुशारून जाई.

पण माझी वाफ आत जाऊन सारे पाहत होती. नाकात सूज होती. त्या सुजेतून द्राक्षांच्या घडासारख्या मऊ गाठी लोंबत होत्या. वाफ त्यांना नुसती कुरवाळून परत येई.

हळूहळू बाईंना वास येईनासा झाला. "आता खुशाल न धुतलेले मोजे घाला, मला काय!" त्या नवऱ्याला म्हणत. मग दमा लागला. एक दिवस तो उसळला आणि स्टूल रिकामे झाले.

मी फळीवर धूळ खात पडले. पुढे लेकीचे नाक चोंदू लागले, तेव्हा मला खाली काढले.

त्या संध्याकाळी वाफ लेकीकडे गेलीच नाही. खिडक्या बंद, पंखा बंद. तरी ती वळली आणि रिकाम्या स्टुलाकडे निघाली. तिथे ठेवलेला बाईंचा टॉवेल वर झाला, खाली बसला. पुन्हा वर, पुन्हा खाली. कुणी श्वास घ्यावा तसा.

"बाबा, वारा आलाय का?"

"नाही गं." मग घरधनी दचकून शेगडीकडे धावले. "अगं, दूध करपलं! तुला वास नाही आला?"

"कसला वास? सर्दी आहे हो साधी."

टॉवेल थांबला.

"तुझ्या आईचीही साधीच होती. ऊठ, चपला घाल."

डॉक्टरीणबाईंनी नाकात नळी घालून पाहिले. घरी येऊन लेक सांगत होती, "गाठी लहान आहेत, पण सूज मुळाशी आहे. ती राहिली तर काढलेल्या गाठीही परत येतात. नाकातला फवारा रोज मारायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. दम्याचीही तपासणी करायचीय."

बऱ्याच आठवड्यांनी तिने स्टुलावरचा टॉवेल उचलला आणि नाकाशी धरला.

"बाबा, याला आईचा वास येतोय."

घरधन्यांनी टॉवेल हातात घेऊन पाहिला. तो त्यांनी सकाळीच धुतला होता.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पण माझ्यावर विसंबू नका. घरात कुणाला वास येईनासा झाला, तर वाफ देऊन गप्प बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, वेळेत न्या.

आता माझी वाफ सरळ वर जाते.