सांगितल्याशिवाय फिरायचं नाही

दुरुस्तीच्या धंद्यात त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. बिघडलेल्या हार्ड डिस्कवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आजार सांगून मोकळं व्हायचं, हा त्यांचा खाक्या. घरघर आली तर मोटर थकली, टकटक आली तर आतली सुई भरकटली. पुढे त्याच कानांनी दगा दिला. आता कानात यंत्र घालूनही बायकोची हाक दुसऱ्या खेपेला ऐकू येई. पहिल्या खेपेला आली तरी ते कबूल करत नसत, हा भाग वेगळा.

दुकान बंद करून आठ वर्षं झाली होती, भागीदार जाऊन चार. आज त्या भागीदाराची मुलगी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक डिस्क ठेवून बसली होती.

“काका, जुन्या कॉम्प्युटरवर चांगली चालत होती. तो मोडीत काढला, नव्याला जोडली, तर फिरेचना. दोन दुकानांत दाखवली. दोघंही म्हणाले, गेली, टाकून द्या.”

“आहे काय तिच्यात?”

“तुम्ही दोघांनी आजारी डिस्कचे आवाज रेकॉर्ड केले होते ना, ते. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.”

भागीदाराचीच ती टूम. नवशिक्यांसाठी एकेक बिघाड टिपायचा आणि आधी बातम्या वाचल्याच्या थाटात नंबर सांगायचा. कानवाल्यांना ते दिवस आठवले. इतकं सुख होतं आणि आपण त्याला नुसतं काम म्हणत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी वीज जोडली आणि सवयीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला. काहीच ऐकू आलं नाही. डिस्क मुकी की आपण बहिरे, तेच कळेना. मग डिस्क तळहातावर घेऊन हळूच कलती केली. फिरती डिस्क कलताना हाताशी हट्ट करते. ही मुकाट कलली. थरथरही नाही, अडकलेली मोटर निदान कण्हते तरी. बोर्ड गार, जळका वास नाही. दुसऱ्या अडॅप्टरवरून वीज देऊन पाहिली, तरी ढिम्म.

उरला मनगटाचा झटका. त्यानं चिकटलेली सुई कधी सुटते, कधी तबकडी ओरबाडून सगळंच जातं. त्यांनी हात उचलला आणि तिथेच थांबले. भागीदार नेहमी ओरडायचा, आधी नीट बघ, मग झटक.

त्यांनी चष्मा पुसला आणि डिस्क फिरवून पाहिली. मागच्या पिनांवर नखाएवढी काळी टोपी होती.

“अगं, ही तुझ्या बाबानंच घातलीय,” ते म्हणाले. “दुकानातल्या कॉम्प्युटरची वीजपेटी मरतुकडी होती. सहा डिस्क एकदम फिरायला लागल्या की सगळं बंद पडायचं. म्हणून प्रत्येकीला ही टोपी. कॉम्प्युटरनं सांगितल्याशिवाय फिरायचं नाही. जुना रोज सांगत होता, नव्याला ते माहीतच नाही. आणि मी शहाणा, साफ विसरलो.”

चिमट्यानं त्यांनी टोपी उपटली आणि वीज दिली. तळहातात थरथर उठली. डिस्क कलती केली तर ती हट्ट करू लागली.

“फिरतेय,” ते म्हणाले.

मुलीनं कॉम्प्युटरला जोडून हाताला लागली ती फाईल लावली. तिचे डोळे भरून आले. त्यांना मात्र नुसती गुरगुर ऐकू येत होती.

“काय म्हणतोय?”

“‘नंबर सात. आमचे कानवाले म्हणतात, ही मेली. मी म्हणतो, जरा थांबा.’” ती डोळे पुसत हसली. “पण मागे कुणीतरी खदाखदा हसतंय. बाबांना बोलूच देत नाहीये.”

“पुन्हा लाव.”

त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला घट्ट लावली. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

“मीच आहे तो,” ते म्हणाले. “आणि त्यालाही हसू आवरत नाहीये.”